नातिचरामि : शपथ आणि तिचे साक्षीदार

(हिंजवडी येथे माहिती तंत्रज्ञान क्षेत्रात काम करणाऱ्या तरुण दांपत्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



हिंदू विवाहविधीत कन्यादानाच्या वेळी एक लहानसा संवाद होतो. वधूपिता वराला बजावतो की, धर्म, अर्थ आणि काम या तिन्ही बाबतींत हिला डावलून वागू नकोस. वर उत्तर देतो, ‘नातिचरामि’, म्हणजे मर्यादेचे उल्लंघन करणार नाही. हा शब्द त्याच्याकडून तीन वेळा वदवून घेतला जातो. त्या घटकेला मांडवात छायाचित्रकारांची धावपळ चाललेली असते, पाहुणे गप्पांत रंगलेले असतात आणि गुरुजींच्या मागोमाग वर तो शब्द कसाबसा पुटपुटतो. परंतु लग्नाच्या सोहळ्यात निष्ठेचे इतके उघड वचन जर कोठे दिले जात असेल, तर ते येथेच. आणि ते मागितले जाते पुरुषाकडून.

आजच्या विषयाचा विचार करताना ही गोष्ट प्रथम लक्षात घेतली पाहिजे. विवाहबाह्य संबंधांची चर्चा निघाली की समाजाचे बोट लगेच स्त्रीच्या नोकरीकडे, तिच्या पेहरावाकडे, तिच्या मोबाईलकडे वळते. परंपरेने मात्र पहिला प्रश्न वराला विचारला होता. तो प्रश्न आपण विसरलो आणि तेथूनच पुढची घसरण सुरू झाली.

जुने गोंडस शब्द, नवे गोंडस शब्द

मराठी भाषेत ‘अंगवस्त्र’ असा एक शब्द आहे. खांद्यावर टाकायचे उपरणे हा त्याचा सरळ अर्थ. विवाहित पुरुषाने घराबाहेर ठेवलेल्या स्त्रीलाही हाच शब्द वापरला जाई. पेशवाईच्या कागदपत्रांत ‘नाटकशाळा’ हा असाच शब्द आढळतो. पुरुषाच्या स्वैर वर्तनावर भाषेने असे सभ्य पांघरूण घातले. स्त्रीच्या बाबतीत मात्र भाषेजवळ केवळ शिव्या होत्या. संस्कृतीच्या अभिमानाची भाषा बोलणाऱ्यांनी हे आधी मान्य केले पाहिजे. अन्यथा तरुण पिढी आपले बोलणे ऐकून घेणार नाही, आणि त्यात तिचा दोषही असणार नाही.

आज शब्द बदलले आहेत. कोणी ‘ओपन मॅरेज’ म्हणतो, कोणी ‘सिच्युएशनशिप’. एकाच वेळी अनेकांशी, सर्वांच्या संमतीने ठेवलेल्या संबंधांना ‘पॉलिअॅमरी’ म्हणतात. फरक इतकाच की, पूर्वीची सूट फक्त पुरुषाला होती, आताची सूट दोघांनाही देऊ केली जाते. अन्याय समान वाटून घेतल्याने तो न्याय होत नाही. अंगवस्त्र असो वा ओपन मॅरेज, शब्द गुळगुळीत करण्याची गरज तेव्हाच पडते, जेव्हा आतल्या गोष्टीला मूळ नावाने हाक मारण्याचे धैर्य नसते.

या बाबतीत रघुनाथ धोंडो कर्वे यांचे स्मरण करावे लागते. महर्षी कर्व्यांच्या या पुत्राने १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले आणि १९२७ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालविले. स्त्री-पुरुषांच्या लैंगिक स्वातंत्र्याविषयीची त्यांची मते येथे कोणी स्वीकारील असे नाही. पण त्यांनी ती मते स्वतःच्या नावाने, स्वतःच्या मासिकात, उघडपणे मांडली. नोकरी गमावली, अश्लीलतेचे खटले सोसले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. कर्व्यांशी मतभेद असू शकतात, त्यांच्या प्रामाणिकपणाशी नाही. आज जे चालते त्यात मतही नाही आणि प्रामाणिकपणाही नाही. आहे ती केवळ लपवाछपवी.

एकपत्नीत्वाचा कायदा आणि पळवाटा

एकपत्नीत्व हा हिंदू समाजाचा आदर्श होता, पण कायदा नव्हता. रामायणाकडे नीट पाहिले तर हा आदर्श एका घराच्या दुःखातून उभा राहिलेला दिसतो. तीन राण्यांच्या घरात सवतीमत्सर वाढला, वर मागितले गेले आणि पुत्र वनात गेला. त्या घरात वाढलेल्या रामाने एकपत्नीव्रत पाळले. सीतेच्या अनुपस्थितीत यज्ञ करण्याची वेळ आली, तेव्हा त्याने दुसरा विवाह केला नाही. शेजारी सीतेची सुवर्णप्रतिमा ठेवली.

यावर द्रौपदीचे उदाहरण हमखास पुढे केले जाते. द्रौपदीच्या विवाहाला महाभारतातच द्रुपदाने आक्षेप घेतला आहे आणि व्यासांना त्याचे समाधान करावे लागले आहे. त्यानंतरही नारदाच्या सांगण्यावरून पाच भावांनी कडक नियम केला. ब्राह्मणाच्या गाई सोडविण्यासाठी शस्त्रे आणताना अर्जुनाकडून तो मोडला. युधिष्ठिर क्षमा करावयास तयार होता, पण अर्जुनाने बारा वर्षांचा वनवास स्वतः होऊन पत्करला. त्या वनवासात त्याने आणखी विवाह केले, हेही महाभारत लपवीत नाही. तो काळ वेगळा होता. घेण्यासारखे आहे ते एवढेच की, दिलेला शब्द मोडला तर त्याची किंमत शब्द मोडणाऱ्याने मोजायची असते.

आदर्शाला कायद्याचे बळ मिळाले ते बऱ्याच उशिरा, आणि त्याची सुरुवात महाराष्ट्रातून झाली. मुंबई प्रांताने १९४६ साली हिंदूंमधील द्विभार्या प्रतिबंधक कायदा केला. हा निर्बंध फक्त हिंदूंवर का, असा प्रश्न घेऊन प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. मुख्य न्यायमूर्ती छागला आणि न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांनी १९५१ साली नरसू अप्पा माळी खटल्यात कायदा वैध ठरविला. सुधारणा टप्प्याटप्प्याने होऊ शकते, असा त्यामागचा एक विचार होता. पुढे १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने देशभर एकपत्नीत्व बंधनकारक केले. त्या सुधारणेला त्या काळी हिंदू समाजातूनच किती कडवा विरोध झाला, हे आज आठवले तर संकोच वाटावा.

पण सुधारणेचा पुढचा टप्पा रखडला. राज्यघटनेच्या ४४ व्या अनुच्छेदातील समान नागरी कायदा कागदावरच राहिला आणि त्या फटीचा लाभ घेतला तो हिंदू पुरुषांनीच. पहिली पत्नी असताना केवळ दुसऱ्या लग्नासाठी धर्मांतर करणाऱ्यांचे प्रकरण १९९५ साली सरला मुद्गल खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आले आणि असा दुसरा विवाह न्यायालयाने बेकायदा ठरविला. त्याआधी, १९६५ साली, महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका खटल्यात होम व सप्तपदी झाल्याचे सिद्ध न झाल्याने दुसरे लग्न करणारा पुरुष निर्दोष सुटला होता. ज्या विधींनी पत्नीला संरक्षण द्यायचे, ते टाळले की पुरुष मोकळा! उत्तराखंडात जानेवारी २०२५ पासून समान नागरी संहिता लागू झाली असून तिने अनुसूचित जमाती वगळता सर्व धर्मीयांना बहुपत्नीत्वाची मनाई केली आहे. देशभर हे व्हावे ही मागणी रास्तच आहे. मात्र ती मागणी करणाऱ्याने स्वतःच्या घरातील शपथ आधी पाळलेली असावी.

पोलीस गेला, पुढे काय?

२७ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने जोसेफ शाइन खटल्यात भारतीय दंड संहितेचे कलम ४९७ रद्द केले. ‘आता व्यभिचाराला मोकळे रान’ अशा प्रतिक्रिया तेव्हा उमटल्या. त्यामागची चिंता खोटी नव्हती, पण रद्द झालेले कलम नेमके काय होते हे फार थोड्यांनी पाहिले.

मेकॉलेच्या १८३७ च्या मूळ मसुद्यात हा गुन्हा नव्हता; तो नंतर घालण्यात आला आणि १८६० च्या संहितेत कायम झाला. दुसऱ्याच्या पत्नीशी, त्या पतीच्या संमतीवाचून संबंध ठेवणाऱ्या पुरुषाला पाच वर्षांपर्यंत शिक्षा, असे त्याचे स्वरूप होते. याचा अर्थ नीट पाहावा. पतीची संमती असेल तर गुन्हा नाही. विवाहित पुरुषाने अविवाहित स्त्रीशी किंवा विधवेशी संबंध ठेवला तर गुन्हा नाही. फसविल्या गेलेल्या पत्नीला तक्रारीचा अधिकारच नाही. हे कलम निष्ठेचे रक्षण करीत नव्हते. पत्नी ही पतीची मालमत्ता मानून त्या मालमत्तेवरील अतिक्रमणाची दखल घेत होते. नातिचरामि म्हणणाऱ्या संस्कृतीने त्यासाठी अश्रू ढाळण्याचे कारण नाही. १९८५ साली हेच कलम वैध ठरविणारा निकाल न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड यांचा होता. ते रद्द करणाऱ्या पीठात त्यांचे पुत्र न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड होते.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही हा गुन्हा नाही. व्यभिचार हे घटस्फोटाचे कारण मात्र कायम आहे. सारांश, संसाराच्या दारातून पोलीस निघून गेला आहे. जोडीदाराची फसवणूक तुरुंगाच्या भीतीने थांबेल, ही कल्पना संपली. मग ती थांबविणार कोण?

पडद्यावरची खलनायिका

या प्रश्नाचे उत्तर अनेक घरांत रोज रात्री दूरचित्रवाणीवर शोधले जाते. ‘माझ्या नवऱ्याची बायको’ ही मालिका २०१६ ते २०२१ अशी साडेचार वर्षे चालली आणि दीर्घकाळ लोकप्रियतेच्या शिखरावर राहिली. राधिका, गुरुनाथ आणि शनाया ही नावे घराघरांत पोहोचली. त्यापाठोपाठ २०१९ ते २०२४ ‘आई कुठे काय करते’मध्ये अरुंधती, अनिरुद्ध आणि संजना आल्या. दोन्ही मालिकांत दुखावलेली गृहिणी स्वतःच्या पायावर उभी राहते, ही जमेची बाजू. पण पाहणाऱ्यांचा सगळा राग कोणावर निघाला? शनायावर आणि संजनावर. गुरुनाथच्या फजितीवर लोक हसले. वचन मोडले होते गुरुनाथने. त्याच्या वाट्याला विनोद आला आणि तिच्या वाट्याला शिव्याशाप.

याच्या तुलनेत १९८२ सालचा, डॉ. जब्बार पटेल यांचा ‘उंबरठा’ आठवावा. सुलभा महाजन काम सोडून घरी परतते, तेव्हा पतीच्या आयुष्यात दुसरी स्त्री आल्याचे तिला कळते. तेथे दुसऱ्या स्त्रीला खलनायिका केलेले नाही. प्रश्न पतीच्या शब्दाचाच राहतो आणि सुलभा उंबरठ्याबाहेर पडते. जयवंत दळवी यांच्या ‘अधांतरी’ या कादंबरीवरून १९९० च्या दशकात ‘हसरतें’ ही हिंदी मालिका निघाली आणि हा विषय देशभर पोहोचला. साहित्यात हा विषय येऊ नये असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. तो कसा येतो याला महत्त्व आहे. २००६ चा ‘कभी अलविदा ना कहना’ आणि त्यानंतरचे अनेक चित्रपट प्रेम उत्कट असेल तर वचनभंग क्षम्य असे सुचवीत गेले. ज्याच्याशी वचन मोडले गेले, त्याची रात्र कशी गेली हे पडद्यावर अभावानेच दिसते.

गुप्ततेचा बाजार

पाश्चात्त्य समाजाने हा प्रयोग आधीच करून पाहिला आहे. १९७२ साली अमेरिकेत नीना आणि जॉर्ज ओनील या दांपत्याचे ‘ओपन मॅरेज’ हे पुस्तक आले आणि लाखोंनी खपले. पाचच वर्षांनी नीना ओनील यांनी आपल्या दुसऱ्या पुस्तकात निष्ठेचे महत्त्व पुन्हा मांडले. प्रयोगाच्या प्रणेत्यांनाच माघारी वळावेसे वाटले. आपल्याकडे मात्र तीच गोष्ट नव्या वेष्टनात, आधुनिकतेची खूण म्हणून येत आहे.

आणि हा आता विचारांचा विषय उरलेला नाही, तो व्यापार झाला आहे. विवाहितांना विवाहबाह्य जोडीदार शोधून देणारी संकेतस्थळे व ॲप उघडपणे चालतात. फ्रान्समधील ‘ग्लीडन’ २०१७ साली भारतात आले. कॅनडातील ‘अॅशली मॅडिसन’ या संकेतस्थळाची माहिती २०१५ साली हॅकरांनी फोडली आणि तीन कोटींहून अधिक खात्यांचा तपशील जगासमोर आला. पुढील चौकशीत दिसले की, पुरुष ग्राहकांना गुंतवून ठेवण्यासाठी स्त्रियांची खोटी खाती वापरली जात होती आणि माहिती कायमची पुसण्यासाठी १९ डॉलर घेऊनही ती पुसली जात नव्हती. पत्नीला फसवायला निघालेला ग्राहक स्वतःच फसविला जात होता! विश्वासघाताच्या बाजारात दुकानदाराकडून विश्वासाची अपेक्षा तरी कशी करायची?

हिंजवडीतले संसार

आता आपल्या दाराशी येऊ. तीसेक वर्षांपूर्वी हिंजवडी हे मुळशी तालुक्यातील शेतीवर जगणारे गाव होते. म्हातोबा हे ग्रामदैवत. चैत्रातील त्याची यात्रा आणि बगाड आजही होते. गावात कोणाच्या घरी काय चालले आहे हे सर्वांना ठाऊक असे. त्यात जाच होता, चहाड्या होत्या, सुनांची घुसमटही होती. पण अडल्यानडल्याला धावणारे माणूसही होते.

राजीव गांधी इन्फोटेक पार्कने हजारो तरुणांना मानाची नोकरी आणि स्वतःचे घर दिले. या कर्तृत्वाचा अभिमानच वाटला पाहिजे. मात्र माण, मारुंजी, वाकडच्या उंच इमारतींत राहणाऱ्या दांपत्यांचा दिवस कसा जातो? पुण्यात संध्याकाळचे सात वाजतात, तेव्हा उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये सकाळचे साडेनऊ झालेले असतात. एकाचा संसार भारतीय घड्याळावर चालतो, दुसऱ्याचा अमेरिकन घड्याळावर. एक ‘ऑनसाइट’ गेला की महिनोन्महिने दुसरा एकटा. आई-वडील लातूरला, सांगलीला, अकोल्याला. शेजारच्या दारावर क्रमांक असतो, आत कोण राहते हे ठाऊक नसते.

अशा वेळी दिवसभरातले दुःख, अपमान, आनंद सांगायचे कोणाला? जो समोर आहे त्याला. कार्यालयातला सहकारी किंवा सहकारिणी समोर असते. विश्वासघाताची सुरुवात क्वचितच वासनेतून होते. ती बहुधा घरी न सांगितलेल्या एका गोष्टीपासून होते. पहिली गोष्ट लपविली जाते ती क्षुल्लक असते. लपविण्याची सवय क्षुल्लक राहत नाही.

आणि हे सर्व कोणाच्याच लक्षात येत नाही. विवाह अग्नीच्या आणि आप्तेष्टांच्या साक्षीने का होतो? कारण शपथेला साक्षीदार लागतात. लग्नाला आलेले सातशे साक्षीदार जेवून परत गेले, अल्बम कपाटात गेला आणि पुढचा संसार साक्षीदारांवाचून उरला. हिंजवडीतली खरी उणीव ही आहे. दोष स्त्रीच्या नोकरीचा नाही, संगणकाचाही नाही. दोन माणसांच्या शपथेवर सगळा भार आणि तिला बाहेरून टेकू एकही नाही, अशी ही स्थिती आहे.

याची झळ सर्वांत अधिक बसते ती मुलांना. पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात सुरू झालेल्या एका वादात पत्नीचा व्यभिचार सिद्ध करण्यासाठी मुलाची डीएनए चाचणी मागितली गेली होती. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. मोठ्यांच्या भांडणात मुलाला पुराव्याची वस्तू करता येणार नाही, हा त्या निकालाचा मथितार्थ. ज्या बालकाने कोणतीच शपथ मोडलेली नसते, त्याच्या रक्तापर्यंत भांडण पोहोचते, यापेक्षा अधिक काय सांगावे?

साक्षीदार व्हावे

येथे एक इशारा आवश्यक आहे. साक्षीदार म्हणजे हेर नव्हे. जोडीदाराचा मोबाईल चोरून तपासणे, सोसायटीत कोण कोणाबरोबर आले याची नोंद ठेवणे, उद्यानात बसलेल्या जोडप्यांना हुसकावणे, संशयावरून हात उगारणे, यांतले काहीही संस्कृतिरक्षण नाही. कायद्याने दारातून काढलेल्या पोलिसाची जागा गल्लीतल्या पोलिसाने घेऊ नये.

साक्षीदार म्हणजे ज्याच्यासमोर खोटे बोलायला जड जाते असे आपले माणूस. अशी माणसे प्रत्येक घराला मिळवावी लागतील. आठवड्यातून एक जेवण सर्वांनी एकत्र, मोबाईल बाजूला ठेवून करावे. महिन्यातून एकदा इमारतीतील चार कुटुंबांनी एकमेकांकडे जावे. जोडीदाराच्या सहकाऱ्यांना घरी बोलवावे, म्हणजे ‘ऑफिसातले कोणी’ हे नावगावाचे माणूस होते. परदेशी गेलेल्याच्या घरी शेजाऱ्याने खुशाली विचारायला जावे. संघाच्या शताब्दीनिमित्त मांडल्या गेलेल्या पंच परिवर्तनातील कुटुंब प्रबोधन हा विषय व्याख्यानात नव्हे, अशा स्वयंपाकघरांतच पुरा होणार आहे.

त्याबरोबरच ज्येष्ठांनी एक सवय सोडावी. फसविल्या गेलेल्या मुलीला ‘पुरुषाची जात, सांभाळून घे’ असे सांगणे हा संस्कार नव्हे. ज्याने शब्द मोडला त्याला चारचौघांनी जाब विचारावा. सून असो वा जावई, मुलगा असो वा मुलगी. चूक कबूल करून परतू पाहणाऱ्याला परतण्याची वाट ठेवावी, पण क्षमा करायची की नाही हे ठरविण्याचा अधिकार दुखावलेल्याचाच. आणि तो किंवा ती वेगळे होण्याचा निर्णय घेईल, तर समाजाने पाठीशी उभे राहावे.

कायदा विवाह मोडून देऊ शकतो, पोटगी ठरवू शकतो, मुलाचा ताबा देऊ शकतो. निष्ठा निर्माण करणे त्याच्या आवाक्यातले नाही. ते काम त्या एका शब्दाकडे आणि तो ऐकणाऱ्यांकडे सोपविलेले आहे. यापुढे कोणाच्या लग्नाला गेलात तर कन्यादानाच्या वेळी गप्पा थांबवून मांडवात जाऊन बसा. वर ‘नातिचरामि’ म्हणेल, तो शब्द कान देऊन ऐका. आणि वर्षभराने, त्यांच्या नव्या घरी, दोघांची विचारपूस करायला अवश्य जा.